दसऱ्याचं तेल

सुभानपुरा, बडोदे
अष्टमी

प्रिय दादासाहेब,

जन्मभर तुम्हाला अहो-जाहो केलं. या पत्रापुरतं ‘तू’ म्हणणार आहे, कारण एवढ्या रागात आदर सांभाळणं मला जमत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करते. कागदावर तुला मधेच तोंड घालता येणार नाही.

तुझा निरोप मिळाला. परवा दसरा, योगिनीची नवी बंदूक घेऊन नागरवाड्यात घरी ये, आपल्या रीतीने तेल-कुंकू करू. बंदूक येणार नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या या नातीची नेमबाजीची जिल्हा निवड चाचणी आहे. यंदा तिचं नाव निघालं नाही तर पुढल्या वर्षी दहावी आहे, आणि मग तूच म्हणशील, पुरे झाली आता ही थेरं. तुला मी ओळखते.

दुकानात काय तमाशा केलास, आठवतंय ना? तुला ते चार किलोचं धूड हवं होतं. दणका कसा पाहिजे, म्हणे. पोरीने उचलून डोळा लावला आणि दहा मोजायच्या आत तिचं कोपर थरथरायला लागलं. त्यावर तू म्हणतोस, होईल सवय, मर्दानी वस्तू आहे. अरे, कागदावर छर्रा मारायचाय, वाघ मारायचाय का? मी घेतली ती हलकी आहे. दस्ता तिच्या हाताच्या मापाचा, मागे रबराची गादी, मान न ताणता गाल बरोबर टेकतो. नळी दुमडून हवा दाबायला तिला कुणाची मदत लागत नाही. आणि आवाज म्हणशील तर जाड पुस्तक मिटल्याएवढा. मागच्या अंगणात दहा मीटर दोरीने मोजून घेतलेत, भिंतीला वाळूच्या गोण्या रचल्यात, त्यांच्यापुढे पुठ्ठा. शेजारच्या भानुबेन पलीकडे हिंचक्यावर भाजी निवडत बसतात, त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तू तिला दुकानदारासमोर खेळणं म्हणालास. म्हण बापडा. या खेळण्याने पोर काल दहातले नऊ छर्रे काळ्या ठिपक्यात घालून गेली.

त्याआधी दोन महिने ती आबांच्या जुन्या बंदुकीवर शिकत होती, तू मोठ्या मनाने दिलेल्या. काय तिचा बार! भानुबेन धावत आल्या, शुं थयुं, शुं थयुं करत. नळीतून धूर, आणि छर्रे एक वर, एक खाली, एक गोणीच सोडून भिंतीवर. पोर रडकुंडीला आली. म्हणाली, आजी, माझा हातच खराब आहे. दादा, हे माझं वाक्य आहे. सतराव्या वर्षी मी हेच म्हटलं होतं.

म्हणून ती बंदूक घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने नळीत चिंधी घातली, तर बाहेर काय यावं? काळाकुट्ट चिकट लगदा, आणि त्यात लाल. तो हसायलाच लागला. बेन, आमां तेल कोणे रेड्युं? मग समजावून सांगितलं. आत हवा दाबली की ती तापते, तेल असलं तर पेटतं. म्हणून तो बार, तो धूर, आणि छर्रा हवा तिकडे.

कोणी रेडलं ते मला माहीत होतं. आजोबा संस्थानच्या शिलेखान्यात होते, ते दसऱ्याला तलवारीच्या पात्याला तेल लावायचे. बरोबरच आहे, पातं गंजतं. आबा बंदुकीच्या दस्त्याला नुसतं कुंकू लावायचे. मग माझ्या सतराव्या वर्षी आबा तापाने पडले आणि पूजा पहिल्यांदा तुझ्याकडे आली. तू तलवारीची तीच वाटी उचललीस आणि पळीभर तिळाचं तेल, वर कुंकू, सरळ नळीत; तेव्हापासून दर दसऱ्याला हीच रीत. मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी होते. दुसऱ्या दिवशी माझी चाचणी होती. बारा छर्रे मारले, पुठ्ठ्याला दोन लागले. आबा म्हणाले, पोर घाबरली. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. आणि तू? बेचाळीस वर्षं प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात, चारचौघांत एकच ऐकवलंस की आमच्या स्नेहलताचा नेम फक्त पोळीवर. मीही हसायचे. मूर्ख मी! मला खरंच वाटायचं की हात माझाच कापला.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. बंदूक आणणार नाही, एवढं सांगायला चार शब्द पुरले असते. पण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दसऱ्याला पूजा झाल्यावर तू माळवदावरून एक छर्रा मारला होतास, कठड्यावरच्या डालड्याच्या डब्यावर. तुझा डबा कधी चुकत नसे. त्या दिवशी हातभर चुकला आणि समोरच्यांचं कौल फुटलं. नळीतून धूर आला. तू नळीकडे बघितलंस, मग माझ्याकडे, हसलास, म्हणालास आज हिला जोर चढलाय. आणि पिशवीत घालून सकाळी तीच माझ्या हातात दिलीस. दादा, तुला कळलं होतं का? ‘नाही’ असेल तर आजच कळव, मी विश्वास ठेवीन, मला ठेवायचाच आहे. आणि ‘हो’ असेल तर तेही लिही, पण चाचणी झाल्यावर. तोवर योगिनी माझ्याकडे राहील. त्या दिवशी तिच्या पाठीशी उभं राहायचंय मला, आणि माझा हात कापता कामा नये.

नेम न चुकलेली, तरीही तुझीच,
स्नेहलता