दर पन्नासावा श्वास

मंगळवार, दि. ३

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली, मग खुशाली. मी शाळेतल्या डबीवर फुंकर मारली. एकदा नाही, अकरा वेळा. मास्क हनुवटीवर ओढून.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या बहिणीची सवय तुला ठाऊक आहे. फोन लागला की ती स्पीकर लावते आणि शेजारच्या काकूंसकट सगळं घर ऐकतं. म्हणून कागद खर्च करतोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे.

साथ अजून पुरती गेलेली नाही, पण आमची शाळा उघडलीय. निम्मा वर्ग एका खोलीत, निम्मा शेजारच्या. एका बाकावर एकच जण. नळाला जुन्या मोज्यात घालून साबण टांगलाय. आणि विज्ञानाच्या बाईंनी कुठून तरी एक पांढरी डबी आणलीय, साबणाच्या वडीएवढी. आपण सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय, त्याचा आकडा ती दाखवते. मोकळ्यावर सव्वाचारशेच्या आसपास. वर्गात हजाराच्या वर गेला की नियम असा, की सगळ्यांनी उठायचं आणि बाहेर झाडाखाली बसायचं.

आता हा नियम माझ्यासमोर करणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. गणिताच्या तासाला अपूर्णांकांची चाचणी निघाली रे निघाली, की मी पेन्सिलीला टोक करायला उठायचो. कचऱ्याची टोपली डबीच्या शेजारीच. एक लांब फुंकर, आकडा थेट अडीच हजार! वर्ग बाहेर, चाचणी गुंडाळली. मागच्या बाकावरचा ढब्बू तर माझ्या पाया पडायचाच बाकी होता.

पण काल सगळं अंगाशी आलं. तुला शून्यसर आठवत असतील, तुलाही गणित त्यांनीच शिकवलं. फळ्यावर नुसत्या हाताने असं गोल शून्य काढतात की कंपासने मान खाली घालावी. ते दोन महिने आजारी होते, त्यातला एक ऑक्सिजनवर. आता चार शब्द बोलतात, थांबतात, हवा गोळा करतात, मग पुढचे चार. डॉक्टरांनी त्यांना शाळेत यायला दिलंय ते एका अटीवर, वर्गातली हवा चांगली हवी. आणि मोठ्या बाईंनी काल आकड्यांची वही पाहिली. सगळ्या शाळेत वाईट हवा आमच्या वर्गात, तीही नेमकी शून्यसरांच्या तासाला. त्यांनी ठरवून टाकलं, की चौदा तारखेचा शनिवार हा सरांचा शेवटचा दिवस. पुढे घरीच आराम. सर याच वर्षी निवृत्त होणार आहेत मामा. म्हणजे आता घरी बसले की बसलेच.

मी दाराशी होतो. सर भांडतील असं वाटलं. त्यांनी फक्त खिशातला खडूचा तुकडा काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला. फुंकर एवढीशी होती रे. तू सांग, काय करू?

लोभ आहेच. या पत्रानंतर थोडा उरला तरी मला पुरेल.

तुझा
भुंगा


शुक्रवार, दि. ६

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. आधी हसलो, मग स्वतःच्याच हसण्याचा राग आला. लाकूड पोखरतो म्हणून मी तुला भुंगा म्हणायचो. आता तू माणसं पोखरायला लागलास होय रे गाढवा?

इथे नव्या दवाखान्याची दोनशे दारं बसवतोय. पाव इंच कमी झालं तर दार घासतं आणि पाव इंच जास्त झालं तर कडी लागत नाही. हा पाव इंच मला कुणी शिकवला माहितेय? शून्यसरांनी. गणितात माझी गाडी रुतली होती तेव्हा त्यांनी फळा सोडला, माझ्या हातात पट्टी दिली आणि शाळेची प्रत्येक चौकट मला मोजायला लावली. आठवडाभर. अपूर्णांक माझ्या डोक्यात नाही, बोटांत शिरले. त्या बोटांवरच आज जेवतोय.

तेव्हा ऐक. मला पत्रात सांगणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावणं. बाईंसमोर उभा राहा आणि सगळं सांग. अकराच्या अकरा. मार पडला तर खा, आमच्या घराण्यात तो पचतो. ढब्बूला मध्ये ओढू नकोस.

ताईला म्हणावं, मी वेळेवर जेवतो. तू खरं बोलून ये, मग माझ्या लोभाचं बघू.

तुझा
मामा

ता. क. तुमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीतल्या दोन खिडक्या अजून बंदच आहेत का रे? सहज विचारलं.


मंगळवार, दि. १०

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. काल मधल्या सुट्टीत. अकराच्या अकरा.

विज्ञानाच्या बाईंनी मारलं नाही. ओरडल्याही नाहीत. खुर्चीत बसल्या, वही काढली आणि लाल पेनाने एकेक आकडा खोडत गेल्या. मी उभा. मार परवडला असता मामा. मग त्यांनी मला विचारलं, की तो आकडा म्हणजे काय ते तरी मला कळलंय का. मी मान हलवली, म्हणजे नाही. त्या म्हणाल्या, बाराशे झाले म्हणजे आपण घेतो त्यातला दर पन्नासावा श्वास आधी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत जाऊन आलेला असतो. आजारी माणूस वर्गात असला तर आजारही तसाच फिरतो.

मी काल दिवसभर श्वास मोजत होतो. एकोणपन्नास माझे, पन्नासावा ढब्बूचा. पुढचा पन्नासावा पुढच्या बाकावरच्या त्या रडक्या मुलीचा. मग कुणाचा तरी पन्नासावा माझा. आम्ही एकमेकांचं पेन घेत नाही, आणि हे घेतोय! अंगावर काटा आला. आणि शून्यसर, ज्यांच्याकडे स्वतःचाच श्वास पुरेसा नाही, ते फळ्याशी उभे राहून आम्हा सगळ्यांचे घेत होते.

आज बाई डबी घेऊन स्वतः दिवसभर वर्गात बसल्या. मला वाटलं, आता खरा आकडा येईल आणि सर सुटतील. कुठलं काय! कुणी फुंकर न मारता सरांच्या तासाला अकराशे ऐंशी. मग बाईंनी आणखी एक केलं. तारेची कडी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि हवेत फिरवली. फुंकून नाही हं, हात हलवून. ढीगभर फुगे निघाले. दाराजवळचे दाराने गेले. बाकीचे तरंगत मागच्या कोपऱ्यात नकाशांच्या कपाटापाशी गेले आणि तिथेच थांबले. वर नाही, खाली नाही, लोंबकळत. आम्ही सगळे माना वळवून बघत होतो. हवा दिसते हे मला माहीतच नव्हतं मामा. ती तिथे अडकलेली दिसत होती.

मागच्या खिडक्या बंदच आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिथून उडी मारून पळालो, तेव्हापासून. मोठ्या बाईंनी आज सुताराला बोलावलं. तो म्हणाला, चार इंची खिळे आहेत, उपटले तर जुनी चौकट फुटेल, नवी करायला महिना लागेल. म्हणजे फुंकरही माझी आणि खिडकीही माझ्यामुळेच. शनिवार चार दिवसांवर आलाय.

खरं बोललो, पण उपयोग शून्य. तरी लोभ ठेव.

तुझा
भुंगा


गुरुवार, दि. १२

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

टपालाला वेळ नाही. लाकडाचा ट्रक आत्ता निघतोय, ड्रायव्हर उद्या संध्याकाळी तुझ्या हातात देईल. ताईसमोर उघडू नकोस.

तू कबुली दिलीस, आता माझी ऐक. त्या खिडक्या बंद केल्या तो सुतार मीच. तेव्हा मी गावातच होतो, मोठ्या बाईंनी मला बोलावलं. डावी खिडकी इमानदारीत ठोकली. कपाटामागची उजवी ठोकायला घेतली आणि हात थांबला. माझे वस्ताद म्हणायचे, खोली म्हणजे पेटी नव्हे, समोरासमोर दोन तोंडं नसतील तर ती माणसाची नाही, सामानाची. मी चार इंची खिळे अर्ध्या इंचावर कापले आणि फक्त मुंडकी पल्ल्यात, म्हणजे खिडकीच्या झडपेत बसवली. वरून भेगा बुजवायची लांबी, वरून रंग. मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं, की दोन्ही पक्क्या.

तेव्हा ती खिडकी ठोकलेलीच नाही. नुसती रंगाने चिकटलीय. कपाट सरकव. पल्ल्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताच्या टाचेने मार. एकदा ऐकणार नाही, दोनदा मार. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. त्या गावात माझा शब्द चालतो, तो थोडा कमी चालेल, एवढंच.

पण भुंग्या, उडी मारू नकोस.

तुझा
खोटारडा मामा


सोमवार, दि. ३०

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहितोय, पण सगळं लिहितोय.

शनिवारी सरांचा तास. सर पूर्णांकयुक्त अपूर्णांक शिकवत होते, चार शब्द आणि थांबा, चार शब्द आणि थांबा. डबी हजार नव्वदवर गेली. बाई दारात आल्या, की उठा, बाहेर चला. सगळे उठले. सरांनी खडू खाली ठेवला, आणि तो त्यांनी असा ठेवला की मला पुढचं काही सुचलंच नाही. मी मागे धावलो. ढब्बूला हाक मारली, दोघांनी कपाट सरकवलं. मोठ्या बाई नेमक्या व्हरांड्यातून जात होत्या. त्यांनी मला खिडकीपाशी पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, की कार्ट्या, पुन्हा उडी मारलीस तर खबरदार.

खालचा डावा कोपरा. एकदा मारलं, हात झिणझिणला. दुसऱ्यांदा मारलं तशी खिडकी अशी किंचाळली, की पुढची रडकी मुलगीही तिच्याबरोबर किंचाळली. आणि उघडली. मी उडी मारली नाही, सगळे वाट बघत होते तरी.

आधी काहीच झालं नाही. मग नकाशांचे कागद हलले. माझ्या मानेवरचा घाम गार झाला. बाई आत आल्या, त्यांनी कडी पाण्यात बुडवली आणि फिरवली. मामा, तू असायला हवा होतास. ते सगळे फुगे, जे आधी कोपऱ्यात जाऊन मुकाट उभे राहायचे, ते आमच्या डोक्यांवरून एका रांगेत निघाले. शेवटची घंटा झाल्यावर आम्ही निघतो तसे. एकामागून एक खिडकीबाहेर, उन्हात, फट. कुणी हसलं नाही. ढब्बूचं तोंड मास्कच्या आत उघडं असणार, हवी तर पैज लावतो. डबीवर नऊशे. मग सातशे ऐंशी. मग सहाशे दहा. मोठ्या बाई दारात उभ्या राहून डबीकडे बघत होत्या, जणू ती काही बोलत होती.

मग मागून सरांचा आवाज आला. त्यांनी खडू परत उचलला होता. म्हणाले, की सहाशे दहा हा हजार नव्वदचा साधारण किती भाग, ते ज्याने खिडकी उघडली त्याने सांगावं. पूर्ण वाक्य मामा. मध्ये एकदाही न थांबता. कदाचित योगायोग असेल, पण मी ऐकलंय. मला उत्तर आलं नाही. फळ्यावर माझ्यासाठी एक शून्य निघालं. गोल, अगदी गोल. आयुष्यात शून्याचा इतका आनंद झाला नव्हता.

सर जात नाहीयेत. मोठ्या बाईंनी वहीत पुढच्या आठवड्याचे आकडे पाहिले, एकही आठशेच्या वर नाही. दुसरी खिडकीही नवीन बसणार आहे.

आता खिळ्याचं. बाईंना पल्ल्यात कापलेला खिळा सापडला. हे कुणी केलं असं विचारलं, तर मी म्हणालो, मीच, पळायला वाट ठेवली होती. कशाने कापला विचारलं. मी म्हणालो, ब्लेडने. बाईंनी खिळा उन्हात धरला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाल्या, की ज्याने हा कापला त्याचा हात पक्का आहे, आणि तुला तर पट्टी धरूनही सरळ रेघ येत नाही. मग तो खिळा त्यांनी पर्समध्ये टाकला आणि विषय संपवला. तुझा शब्द गावात जेवढा चालत होता तेवढाच चालतोय.

मला शिक्षा झाली. आठ दिवस शाळेआधी अर्धा तास यायचं, डबीचा आकडा लिहायचा आणि सगळ्या वर्गांच्या खिडक्या उघडायच्या.

आणि आता खरी कबुली. ते आठ दिवस कधीच संपले. मी अजून जातोय.

सकाळी वर्गात कुणी नसतं. खिडक्या लावलेल्या असतात. बाक, फळा आणि डबी. आकडा चारशे अठ्ठावीस. म्हणजे आभाळात जेवढा तेवढाच, त्या खोलीत कुणी श्वास घेतलेलाच नाही. मी आत जातो आणि हलत नाही. थोड्या वेळाने चारशे तीस होतो. ते दोन म्हणजे मी. परवा सरही लवकर आले. त्यांनी मला पाहिलं आणि लांबच्या बाकावर जाऊन बसले. खिडक्या उघडायच्या आधी आम्ही दोघं नुसते डबीकडे बघत बसलो. चारशे बत्तीस. चारशे सदतीस. चारशे एक्केचाळीस. सर हळूच म्हणाले, की हे आपण दोघं. एवढासा आकडा, पण त्यात सर होते. मग मी उठलो आणि मागची खिडकी उघडली.

मामा, हे आईला सांगू नकोस. ढब्बूला तर अजिबात नको. मी शिक्षेशिवाय, कुणी न सांगता, रोज शाळेत लवकर जातो हे कळलं तर माझी गावातली अब्रू जाईल. तुझ्या खिळ्याचं मी पोटात ठेवलं ना? मग हे तू ठेव. पाया पडतो, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस.

लोभ तेवढा चालू ठेव, समोरासमोर दोन खिडक्यांतून.

तुझा
भुंगा