मंद आचेवरचे कांदे

३ नोव्हेंबर, मंगळवार

टार्टची पारी आटली! ओव्हनमधून काढली तर चहूबाजूंनी बोटभर खाली उतरलेली, कडा गायब. चूक माझीच — साच्यात नीट बसेना म्हणून ओढूनताणून बसवली होती. सासरे स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीतून बघत होते. "धुवायचं... आधी," म्हणाले. मी म्हटलं, काय धुवायचं बाबा? मग माझी ट्यूब पेटली. बाबा आयुष्यभर शिंपी. ताणून शिवलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आधी भिजवून घ्यायचं — ते सांगत होते! दुसरी पारी लाटली, फ्रिजमध्ये निवांत पडू दिली, न ताणता साच्यात सोडली. जागची हलली नाही. शिंपीबुवांनी मान डोलावली.

झटका आल्यापासून त्यांचे शब्द इकडचे तिकडे झालेत. चमच्याला सुई म्हणतात, ताटाला बटण. उजवा हात आणि पाय लुळे. पण कळतं सगळं, असं मला वाटतं. बाकीच्यांना वाटत नाही.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा काहीच गिळत नव्हते. माझी चष्म्याच्या दुकानातली जोडीदारीण कांद्याचा टार्ट करायची, तिनेच मला शिकवलेला. खाली मैद्याची पारी, आत लोण्यात तासभर परतलेले कांदे, वर अंडं आणि साय. म्हटलं, मऊ आहे, करून बघू. बाबांनी आख्खा तुकडा संपवला. तेव्हापासून मी आणि कांदे! कडक कडा मी खाते, मधलं मऊ त्यांना.

दुपारी दुकानातून फोन. मालकीणबाई. "अगं, तीन महिन्यांची रजा म्हणाली होतीस, दोन वर्षं होत आली. एक तारखेला ये. नाहीतर दुसरी बघते, मग माझ्यावर रुसायचं नाही."

चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाला घासायचं माझं काम. काच चाकावर धरली की बोटांना कळतं, अजून केसभर. हे काम मला येतं, आणि ते मला आवडतं. "येते," म्हणून मोकळी झाले! कशी येणार, ते देव जाणे.

४ नोव्हेंबर

नवऱ्याला सांगितलं. "बघू," म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झाली, या माणसाने अजून काहीही बघितलेलं नाही. इथून पुढे या वहीत त्याचं नाव श्रीयुत बघू.

८ नोव्हेंबर, रविवार

आज ताई आल्या होत्या. माझी नणंद, श्रीयुतांची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका. मनातल्या मनात मी त्यांना हेडबाई म्हणते. घरी बाग आहे, स्वयंपाकाला बाई आहे, नवरा रिटायर होऊन दिवसभर घरीच. तळमजल्यावर एक छान उजेडाची खोली आहे. तिच्यात सध्या नवऱ्याची व्यायामाची सायकल राहते!

सकाळपासून एक वाक्य घोकत होते. "ताई, बाबांनी आता सहा महिने तुमच्याकडे राहावं." पारी भाजताना फुगू नये म्हणून तिच्यावर सुके वाटाणे पसरताना घोकलं, कांदे चिरताना घोकलं. ओव्हनसमोर उकिडवी बसून तर मोठ्याने म्हणून पाहिलं. काय कठीण आहे त्यात?

ताईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अहाहा! काय हात आहे गं तुझा! आमच्या बाईला कांदा म्हणजे दोन मिनिटांत करपवायचा, एवढंच माहीत. असं तासभर कांद्यापाशी उभं राहायला आमच्याकडे कोण आहे?" मी म्हटलं, "ताई, मी काय म्हणत होते..." त्या म्हणाल्या, "बाबांचं नशीब, तू मिळालीस. एक नियम मी पहिल्यापासून ठेवलाय — बाबांच्या मनाविरुद्ध काहीही करायचं नाही. त्यांना इथेच बरं वाटतं. हो ना बाबा?"

बाबांनी ताटली पुढे केली. "बटण." दुसरा तुकडा हवा होता.

"बघ!" ताई म्हणाल्या.

चढवलं मला हरभऱ्याच्या झाडावर आणि खालून शिडी काढून घेऊन गेल्या! उरलेला टार्टही डब्यात घालून नेला. आणि मी काय केलं? डब्याला झाकण नीट बसत नव्हतं, तर वरून रुमाल बांधून दिला.

११ नोव्हेंबर, बुधवार

श्रीयुत बघूंशी भांडण. म्हटलं, तू बोल, तुझी बहीण आहे. म्हणे, "म्हणूनच नको. तू बोललीस तर तिला वाईट नाही वाटणार." मला वाईट वाटलेलं चालतं! म्हणे, "थोडे दिवस थांब, काहीतरी होईल." काय होईल? बाबा मरतील, हेच ना? — हे मी तोंडावर बोलले. दार उघडं होतं आणि पलीकडे बाबा खुर्चीत बसले होते.

मला त्यांनी मरायला नको आहे. मला फक्त सकाळी चपला घालून बाहेर पडायचं आहे.

१३ नोव्हेंबर

दूध आणायला म्हणून गेले आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले. काचेतून आत बघितलं. माझ्या मशीनवर कुणीतरी कापडाची खोळ घालून ठेवली आहे. मालकीणबाईंना मी दिसले नाही. पळत परत आले. बाबा घरात एकटे होते, खुर्चीतून घसरले असते तर? काही झालं नव्हतं. तशीच ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. दूध आणायचं राहिलंच.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा टार्ट. बाबा दुसरं काही धड खात नाहीत, करणार काय!

कांदे एकदा कढईत पडले की ओट्यापासून हलता येत नाही. आच वाढवली तर करपतात, पाठ फिरवली तर तळाला लागतात. आधी पाणी सोडतात, मग मऊ पडतात, मग सोनेरी व्हायला लागतात, आणि तिथून पुढे तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. मी ओट्याशी, बाबा खुर्चीत. दोघं एकाच जागी खिळलेले.

आज काय झालं कोण जाणे, मी बोलायलाच लागले. त्यांच्याकडे न बघता, कढईत बघून. म्हटलं, बाबा, मला एक तारखेला कामावर बोलावलंय. नाही गेले तर जागा गेली. तुमचं करायचा मला कंटाळा आलाय असं नाही. (आलाय. थोडासा आलाय.) पण बाबा, या घरात माझा जीव घुसमटतो. सकाळी उठले की वाटतं, आजही हाच ओटा. ताईंना सांगायला जाते तर त्या माझं कौतुक करतात, आणि कौतुक करणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही.

मला वाटलं, बाबांचा डोळा लागला. वळून बघितलं तर टक लावून माझ्याकडे बघत होते. "उसवायचं," म्हणाले. मी जाऊन त्यांचा सदरा बघितला, बाह्या बघितल्या, कुठे काही उसवायचं दिसेना. त्यांनी वैतागून हात झटकला. कांदे तळाला लागले असते थोडक्यात.

२१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या हेडबाई येणार. एक जबरदस्त कल्पना सुचली आहे — टार्ट बिघडवायचा! कांद्यात मूठभर मीठ. कौतुकच बंद पाडायचं. मग बघते, कशा म्हणतात तुझ्या हाताला चव आहे म्हणून. चव गेली, सून दमली, आता बाबांना न्या!

हसू येतंय लिहिताना. पण खरंच करणार आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

नाही करता आलं. मीठ मुठीत घेतलं, हात कढईवर नेला, आणि हात वळेचना. तासभर जपलेले ते कांदे, मधासारखा रंग आलेला! बिघडवायचं कामसुद्धा मला जमत नाही. मीठ बरणीत परत टाकलं, चिमटीने मोजकं घातलं. आणि नेमका आजचा टार्ट असा झाला म्हणून सांगू — पारी खुसखुशीत, वर जरासं थरथरणारं, कडेला तांबूस. माझाच मला संताप आला. म्हटलं, बसा आता इथेच जन्मभर.

जेवायला बसलो. ताईंनी घास घेण्याआधीच "अहाहा" सुरू केलं. बाबांनी एक घास घेतला, सावकाश चावला, आणि चमचा खाली ठेवला.

"खारट."

कितीतरी महिन्यांत त्यांच्या तोंडून असा लख्ख, जागच्या जागी बसणारा शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, "काय बाबा?" "खारट!" म्हणाले, आणि डाव्या हाताने ताटली अशी ढकलली की ती पाण्याच्या पेल्यावर आपटली. टेबलभर पाणी.

ताईंनी चव घेतली. दुसऱ्यांदा घेतली. "जरा... मीठ जास्त पडलंय खरं." दोन मिनिटांपूर्वी अहाहा! श्रीयुतांनीही मान हलवली, "हो, किंचित." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग बाबांनी ताईंचं मनगट धरलं. "हिच्याकडे."

"काय हिच्याकडे?"

"हिच्याकडे. जायचं."

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाबा, अहो, आमच्याकडे कसं... ती खोली तर..." आणि मग श्रीयुत बघू बोलले. होय, आमचेच! "ताई, तूच म्हणतेस ना, बाबांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही." एवढं बोलून मान खाली घालून जेवायला लागले. ताई पेल्यातलं सांडलेलं पाणी रुमालाने टिपत राहिल्या. गुरुवारी न्यायचं ठरलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. या माणसाला दोन वर्षं अंघोळ घातली, रात्री अंथरूण बदललं, घास घास भरवला. आणि शेवटी काय, खारट! सगळ्यांच्या देखत! माझ्या तोंडाची चवच गेली होती, मी माझा तुकडा गिळला तो कसा लागला ते मला सांगता येणार नाही.

२३ नोव्हेंबर

उरलेला टार्ट सकाळी गार खाल्ला. मीठ अगदी बरोबर आहे. तीनदा खाऊन बघितला. म्हणजे बाबांची जीभही गेली बहुतेक. झटक्यानंतर चव बदलते, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी राग जात नाही. "सुई" म्हणाले, मी चमचा दिला. आणि लगेच पाठ फिरवली.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. त्यांची बॅग मीच भरली. सदऱ्यांच्या घड्या, औषधं, रात्रीचा रबरी कापडाचा तुकडा. कोणतं औषध कशानंतर, ते ताईंना दोनदा समजावलं. त्या मान डोलावत होत्या, पण सगळं डोक्यावरून जातंय, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

गाडीत बसवताना बाबांनी माझ्या बाहीची कड चिमटीत धरली. अंगठा फिरवून शिलाई चाचपली, गिऱ्हाईकाच्या अंगावरचं कापड शिंपी चाचपतो तशी. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, सांभाळून राहा. ते माझ्याकडे न बघता समोर बघत बसले.

घर एवढं मोठं आहे, हे माहीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर

कुणालाच उठवायचं, भरवायचं नाही. तरी पहाटे जाग येते आणि मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहते. श्रीयुत विचारतात, "काय शोधतेस?" मी म्हणते, बघू.

१ डिसेंबर, मंगळवार

गेले! खोळ काढली, चाक पुसलं. पहिली काच फोडली. मालकीणबाई हसल्या, "गंज चढलाय तुला." दुसरी काच फ्रेममध्ये टचकन बसली. संध्याकाळी चालत घरी आले, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. कुणी वाट बघत नव्हतं. चांगलं वाटलं. लगेच वाईटही वाटलं, पण चांगलं वाटलं हे खरं.

४ डिसेंबर, शुक्रवार

ताईंचा फोन आला. बाबा बरे आहेत, भाजी-भात सगळं खातात, कशालाच नाव ठेवत नाहीत. मग म्हणाल्या, "पण एक मला कळत नाही गं. रोज सकाळी दहाच्या सुमाराला विचारतात — ती पोचली का कामावर? अगदी स्पष्ट, एकही शब्द चुकत नाही. पोचली म्हणेपर्यंत चहाला हात लावत नाहीत. आम्हाला तर तू पुन्हा कामावर जातेस हे कालच कळलं. त्यांना तू सांगितलं होतंस का?"

मी हो म्हणाले. फोन ठेवून वही मागे उलटली: सतरा तारखेचं "उसवायचं", बावीसचं "खारट".