शिवणीचा जोड

मामाजी, आज घरी सुतार आला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं होतं, ते बसवायला मुलानं नागपूरहून फोन करून त्याला पाठवलं. त्यानं पिशवीतून बाटली काढली, पांढराशुभ्र डिंक बोटानं लावला आणि दार दाबून धरलं. ना चूल, ना भांडं, ना घाई. मी वाकून वास घेतला तर तो हसला, "आजी, याला वास नसतो." तो गेल्यावर घर जरा जास्तच शांत झालं. इथं मी एकटीच असते. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली, मुलगी चंद्रपूरला, मुलगा नागपूरला, आणि दोघंही आपापल्या जागी सुखात आहेत. दुपारभर कुणाशी बोलणं झालं नाही. मग कागद घेतला. तुमच्या घरात होते तेवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलले नसेन इतकं आज लिहायचं ठरवलं आहे.

तुमची सून म्हणून सिंदेवाहीला आले तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याला चांदाच म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात तुम्ही, तुमचा मुलगा आणि तुमची थोरली विधवा बहीण. त्यांना मी आत्याबाई म्हणे. सुनेनं सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही ही रीत, म्हणून तुम्हाला काही सांगायचं असलं की तुम्ही आत्याबाईंना सांगत. "तिले म्हणा, आज मी सावली गावच्या बाजारात जातो." आत्याबाईंना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. त्या "काय म्हंतोस?" असं ओरडत, तुम्ही पुन्हा ओरडत, आणि मी आत चुलीपाशी सगळं पहिल्याच खेपेला ऐकून डबा बांधायला घेतलेला असे. आज हसू येतं. तेव्हा हसता येत नसे, पदर तोंडात धरावा लागे.

तुमचा मुलगा बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला. पहिल्या पोळ्याला आला, दिवाळीला आला, मग येईनासा झाला. तुम्ही एकदा त्याला आणायला गेलात आणि छोट्या रुळांवरच्या गाडीनं एकटेच परतलात. अंगणात काठी टेकवून आत्याबाईंना म्हणालात, "तो येत नाई आता. त्यानं तिथी घर मांडलं." आत्याबाईंनी "काय म्हंतोस?" विचारलं. तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मी ऐकलं होतं, ते तुम्हाला ठाऊक होतं. त्या दिवसानंतर त्या घरात तिघं माणसं आपापल्या कोपऱ्यात राहू लागली. तुम्ही दिवसभर पडवीत रंधा मारायचात, मी दिवसभर चुलीपाशी. रंधा थांबला की मला कळे, तुम्हाला चहा हवा आहे. कप उंबऱ्यावर ठेवून मी आत वळे.

मग तो गार्डसाहेब आला. छोट्या गाडीवर गार्ड होता, गोरापान, उंच, पण बोले आपल्यासारखं हिंदी. उन्हाळ्यात गार्डाच्या डब्यात ठेवलेली त्याची गिटार तापून पोटावर उभी फाटली होती. "मिस्त्री, ये फट गया. जुड़ेगा?" तुम्ही ती हातात घेऊन इतका वेळ पाहत राहिलात की तो उभ्या उभ्या कंटाळला. तसला बाजा तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतात. शेवटी म्हणालात, "ये नहीं जुड़ेगा साहब. लकडी मर गयी. पेट नया बनायेंगे, गर्दन यही रहेगी." तो गेल्यावर तुम्ही माळ्यावरून शिवणीच्या झाडाची जुनी फळी काढलीत. वजनाला हलकी, फिकट पिवळी, कितीही पावसाळे गेले तरी न वाकणारी. ती उभी चिरून दोन पातळ पानं काढलीत आणि पुस्तक उघडावं तशी शेजारी ठेवलीत. मधोमध जोड येणार होता, आणि त्या जोडावरच सगळं होतं. तिथं केसभर फट राहिली असती तर तारा ताणल्याबरोबर ते पोट पुन्हा उघडलं असतं.

लाकूड जोडायचा सरस तुम्ही रात्री भिजत घातला होता. तो पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद आचेवर विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही. बाहेरच्या चुलीला वारा लागत होता म्हणून तुम्ही भांडं स्वयंपाकघरात आणलंत आणि आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "चुलीवर कातडं शिजवतोस? या चुलीवर देवाचा निवद होते!" तुम्ही त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालात, "याच कातड्यावर तुयं माह्यं पोट हाये, बाई." जनावराच्या कातड्याचा तो उग्र वास मला पहिल्या दिवशी नकोसा वाटला. पुढं त्याच वासानं मला सकाळी उठावंसं वाटू लागलं.

सरस गरम असतो तोवरच चिकटतो. एकानं लावायचा, दुसऱ्यानं ताबडतोब दाबायचं. दुसरा हात आजवर तुमच्या मुलाचा होता. तुम्ही पडवीत उभे राहून आत्याबाईंना म्हणालात, "तिले म्हणा, जरा इकडं ये." या खेपेला आत्याबाईंनी काय ते विचारलंही नाही, नुसतं माझ्याकडे बोट केलं. मी डोक्यावरचा पदर घट्ट करून आले. तुम्ही दोन्ही पानांच्या कडांना सरस फासलात, कडा एकमेकींना भिडवल्यात आणि फळीवर ठोकलेल्या ठोकळ्यांच्या मध्ये पाचरी बसवायला लागलात. "दाब," एवढंच म्हणालात, माझ्याकडे न पाहता. मी दोन्ही तळव्यांनी दाबलं. तुम्ही पाचर ठोकलीत तसं माझ्या हाताखालचं पान सरकलं. तुमच्या बाजूनं ते दिसत नव्हतं. तुम्ही दुसऱ्या पाचरेला हातोडी उचललीत आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. खालून सरकलं."

तुमची हातोडी वरच राहिली. मला वाटलं, आता धरणी फाटेल. तुम्ही विचारलंत, "कुठी?"

"इकडून. माह्या अंगठ्यापाशी."

तुम्ही पाचर ढिली केलीत, पान बोटानं वर सारलंत, "आता?" म्हणालात. मी म्हटलं, "आता बरोबर हाये." तुम्ही ठोकलंत. मग पंच्यानं हात पुसत, तरीही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "बोलत जाजो. सरस कोणासाठी थांबत नाई."

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पान उन्हाकडे धरलंत. जोडातून उजेडाची रेघही येत नव्हती. मधोमध बोटाच्या पेरानं टिचकी मारलीत, ऐकलंत, आणि ते माझ्या कानाजवळ आणून पुन्हा मारलीत. रिकाम्या रांजणात कुणी हाक मारावी तसा आवाज होता. गार्डसाहेबानं नव्या पोटावर तारा चढवून स्टेशनच्या बाकावर बसून वाजवलं तेव्हा गाडीतले लोकसुद्धा उतरून उभे राहिले. काय वाजवलं ते आपल्यापैकी कुणाला कळलं नाही. तुम्ही सूर ऐकतच नव्हतात, तुमची नजर त्या जोडावर होती. मग गोंदियाकडून, नागपुरातून आणखी तशी कामं आली. फार नाही, पण पडवी रिकामी राहिली नाही. मी पानांच्या कडा रंधायला शिकले. दोन कडा भिडवून त्यावर डोळा लावून फट पाहायला शिकले. थंडीत सरस लवकर गोठतो म्हणून लाकूड आधी उन्हात शेकून घ्यायचं, दार लावून घ्यायचं. आपण कामाचंच बोलत असू. "धर." "सोड." "उजवीकडं घे." आता मागं वळून पाहताना वाटतं, माझ्याशी इतकं नीट कुणी बोललं असेल तर ते तेव्हाच. बाहेर बायका काय कुजबुजतात तेही कानावर येई. सासरा सुनेले पडवीत घेऊन बसते म्हणे. तुमच्याही कानावर गेलं असेल. तुम्ही पडवीचं दार उघडं ठेवू लागलात, थंडीतसुद्धा. मग जोडाच्या वेळी मी शेगडी जवळ ओढून घेई.

एका सकाळी विहिरीवर एकीनं मला सांगितलं की खाणीकडून माणूस आला होता, तुमच्या मुलाला पोरगा झाला. मी घागर घेऊन घरी आले, सरसाचं भांडं चुलीवर चढवलं आणि समोर बसले. किती वेळ गेला कळलं नाही. तुम्ही आत आलात तेव्हा सरस खदखदत होता.

"उकळू देला? एवढं शिकवून उकळू देला? गेला ना याचा जीव! कामात ध्यान नसंल तं हात लावू नोको!"

तुम्ही माझ्यावर असे कधी ओरडला नव्हतात. मी म्हटलं, "त्याले पोरगा झाला, मामाजी."

तुम्ही भांडं फडक्यानं धरून बाहेर नेलंत, ओतलंत, राख घेऊन स्वतः घासलंत. त्या दिवशी रंधा वाजला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून कुठं जाता ते न सांगता गेलात, आणि परतलात ते माझ्या भावाला घेऊन.

भावानं स्थळ आणलं होतं. अहेरीला लाकडाच्या डेपोत काम करणारा, बायको वारलेला. दुसरेपणाचं लग्न, पाट लावायचा होता. तुम्ही भावाला अंगणात बसवलंत आणि आत येऊन माझ्यासमोर उभे राहिलात. आत्याबाई शेजारीच होत्या, पण या वेळी तुम्ही त्यांच्याकडे वळलाही नाहीत.

"जाशीन ना, पोरी?"

मी मान हलवली.

"मान हालवू नोको. तोंडानं सांग."

"जाईन."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि बाहेर जाऊन भावाला पाणी विचारलंत.

अहेरीला हे चांगले निघाले, मामाजी. अबोल होते, पण हात उगारणारे नव्हते. सासू मात्र तिखट होती. पाट लावून आलेल्या बाईनं आधीच्या घराचं नावसुद्धा काढायचं नाही, म्हणून सिंदेवाहीची वाट कायमची बंद झाली. मुलगी वर्षाची झाली असेल, आठवडी बाजारात मिरच्या घेत होते, आणि समोर तुम्ही. वाळला होतात. म्हणालात, "शिवण पाहाले आलो. इकडं सस्ती भेटते म्हंतात." मी विचारलं, "गिटारी चालू हायेत ना?" तुम्ही म्हणालात, "नाई. खाटा, नांगर करतो. जोडाले दुसरा हात लागते." मग बंडीच्या खिशातून लाकडी खुळखुळा काढून पोरीच्या हातात दिलात. दोन वाट्या जोडून केलेला. नख फिरवून पाहिलं, जोड लागत नव्हता. मला मुलगी झाली हे तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. शिवण तर सिंदेवाहीच्या रानातही हवी तेवढी होती, हेही मला घरी आल्यावर सुचलं.

जाता जाता तुम्ही खालच्या आवाजात विचारलंत, "त्या दिवशी मी तुह्यावर जबरदस्ती तं नाई केली ना, पोरी?" तेवढ्यात सासू हाक मारत आली आणि तुम्ही खांद्यावर पंचा टाकून गर्दीत शिरलात. पुढं आत्याबाई गेल्याचं कळलं, आणि तुम्ही गेल्याचं तर कितीतरी दिवसांनी, पेरण्या होऊन गेल्यावर, बसमधल्या एका अनोळखी बाईकडून. म्हणजे मधली कितीतरी वर्षं त्या घरात तुम्ही एकटेच होतात. संध्याकाळी दिवा कोण लावत होतं, रंधा थांबल्यावर चहाचं कोण पाहत होतं, हे विचारायला मला कुणी नव्हतं. रिकाम्या घरात माणूस कसा बसतो ते आता मला कळतं. इतकी वर्षं कळत नव्हतं.

हा कागद कुठं पाठवणार? पण तुम्ही विचारलेलं राहून गेलं आहे. जबरदस्ती झाली नव्हती, मामाजी. मला जायचं होतं. मी विशीची होते, मला माझं माणूस हवं होतं, लेकरं हवी होती. भावाबरोबर निघाले त्या दिवशी तुम्ही फलाटावर उभे होतात तोवर मी रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण गाडीनं वळण घेतलं, तुम्ही दिसेनासे झालात, आणि मी आत्याबाईंनी बांधून दिलेलं गाठोडं सोडलं. पुऱ्या होत्या, आलूची भाजी होती. भाऊ म्हणाला, मला एक तरी ठेव. मूल स्टेशन यायच्या आत मी सगळ्या खाऊन टाकल्या होत्या.