बाहेरचा रकाना

सोमवार, ३ मार्च
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आज रुजू झाले. खिडकीत कडुनिंब, डोक्यावर न कुरकुरणारा पंखा आणि चहा फुकट. माझ्यासारख्या चहाबाज मुलीला आणखी काय हवं? काम सोपं आहे. कंपनीचं निपाणीचं युनिट आगीनंतर सात वर्षं बंद आहे, त्याच्या हजेरीच्या डेटाबेसची रचना इथल्यासारखी करायची. त्यासाठी सॉफ्टवेअर आहे. डावीकडे अस्सल, उजवीकडे नक्कल. कुठला रकाना कुठे नाही ते दाखवतं आणि बटण दाबलं की उजवं डाव्यासारखं होतं. शनिवारी निपाणीला घरी जाणार. आईला भरलं वांगं सांगून ठेवलंय.

मंगळवार, ४ मार्च
घोळ घातला. चार वर्षं कॉलेजला ज्या बसनं आले तिच्या पाटीवर ‘निपाणी–बेळगाव’ असतं. त्याच सवयीनं निपाणी डावीकडे टाकलं आणि बटण दाबलं. निपाणीत ‘बाहेर पडल्याची वेळ’ हा रकानाच नव्हता, म्हणून इथलाही उडाला. संध्याकाळी गेटवर वॉचमन महादेवअण्णांनी अडवलं. म्हणाले, आत आल्याची नोंद हाय, जायला रकानाच न्हाय की गं. मी हसले. ते हसले नाहीत.

बुधवार, ५ मार्च
रात्र सगळ्यांनीच आत काढली. कुणी तक्रारही करत नाही, याचीच मला भीती वाटते. जुनी प्रत परत आणली, तिच्यातही तो रकाना नाही. बाजू उलटवल्या, तर निपाणी आपोआप पुन्हा डावीकडे. आमचे साहेब, शरद सर, म्हणाले की निपाणीत आगीच्या दिवशी आत गेलेले अकरा जण बाहेर आलेच नाहीत. नंतर तिथला तो रकाना दिसेनासा झाला.

गुरुवार, ६ मार्च
आज नवा फरक दिसला: ‘घरचे’. फक्त उजवीकडे. मी बटणाला हात लावला नाही. तरी गेला.
आईला फोन केला. तिनं विचारलं, कोण बोलतंय? मी आरोही म्हटलं. ती म्हणाली, मला मुलगी न्हाय बाई.
खूप रडले.

शुक्रवार, ७
गेट होतं तिथे भिंत आहे. हात लावला – भाजला. अण्णा तिथेच खुर्ची टाकून बसलेत. धुराचा वास –
उद्या शनिवार. वांगं –

वर तारीख लिहायला गेले, सुचेना. तोही रकाना –
स्क्रीनवर आता एकच फरक उरलाय. उजवीकडे. ‘नाव’.
घाईनं लिहून ठेवते. आई, मी तुझी आ