एकशे बारा वेळा ‘नाथा’

रत्नागिरी, ९ एप्रिल १९३२

प्रिय लवू,

मासिकात तुझ्या लेखाचा पूर्वार्ध वाचला. माझ्या खापरपणज्याला, काशीरामाला, तू ‘सोवळ्यातला निर्जीव नाटककार’ ठरवलंस. उत्तरार्ध छापून येण्याआधी तुला गाठायला हवं, म्हणून लिहिते. दोन पत्रं फाडली, हे तिसरं.

त्याचा निकाल लावणारा तू पहिला नव्हेस. त्याच्या काळी गुहागरला त्याचा खेळ असला की होड्या समुद्रात जात नसत. पुढे माझ्या आजोबांना त्याची लाज वाटली. त्याची सत्यभामा साक्षात कृष्णाला ‘मेल्या’ म्हणते ना! त्यांनी वंशावळीत त्याच्या नावावर शाई ओतली. मग कॉलेज शिकलेल्या मी त्याचं पुस्तक छापलं, आणि तो शाळांत बक्षीस म्हणून वाटण्याइतका सभ्य झाला. आता तुमची पिढी जांभया देते. पण त्याला बदललं कोणी? मी. ‘मेल्या’ एकशे बारा ठिकाणी होतं, तिथे तिथे ‘नाथा’ घातलं.

यंदा शिमग्याला गुहागरात खेळ्यांनी लावलेलं त्याचं नाटक पाहिलं. सत्यभामा झालेला धोंडू माझ्या पुस्तकातलं ‘नाथा, नाथा’ आळवीत होता. लोक विड्या ओढत बसलेले. एवढ्यात म्हातारी तुळसा उठून ओरडली, “धोंड्या, मेल्या म्हण की रे! घोवाला नाथा कोण म्हणतं?” त्याने म्हटलं, आणि मांडव हसून लोळला. माझ्या शेजारची बाई हसता हसता डोळे पुसू लागली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत असतो. त्या शब्दात शिवी नाही, ‘लवकर ये’ आहे.

‘ग्राम्य म्हणून गाळला’ असं मी प्रस्तावनेत लिहिलं. ते खोटं आहे. आमचे हे बोटीला निघाले त्या सकाळी छत्री विसरले. मी दारातून ओरडले, मेल्या, छत्री! हसत परतले, घेऊन गेले. ती बोट बंदराला लागलीच नाही. वर्षभराने काशीरामाचं हे हस्तलिखित बाड हाती आलं, आणि पानोपानी तोच शब्द. मला वाचवेना. माझ्या दुःखापायी मी त्याला मुका केला, हे उत्तरार्धात माझ्या नावानिशी लिही.

तुझीच,
यमुनाआत्या

केरू तांडेलाच्या हाती दिलं: काशीरामाचं मूळ बाड, पानं चौऱ्याण्णव, शेवटचं अर्धं फाटलेलं. छापील प्रत एक. तीत लाल शाईने ‘मेल्या’ परत लिहिलं आहे, एकशे अकरा ठिकाणी. पान एक्केचाळीसवर सत्यभामा दारातून हाक मारते, तिथलं राहिलं. ते तू लिही.