सात दहाचा बेडूक

३ जुलै, सायंकाळी ७.४५
आजपासून बेडकांची मोजणी. अकरा वर्षे आमची ही मोजायची, मी टॉर्च धरायचो. हिला जाऊन चार महिने झाले. मी ठीक आहे. मोजणी केवळ शास्त्रीय शिस्त म्हणून.
मागचे तळे नव्या इमारतींखाली अर्धे गेले. उरलेल्या अर्ध्यावर साबणाचा फेस. गेल्या वर्षी बेडूक चौदा. आज शून्य. बहुधा मी उशिरा पोचलो.

४ जुलै, ७.३०
एक! पलीकडच्या भिंतीपाशी. आवाज खर्जातला, मोठा नर असावा. दिसला नाही. ही म्हणायची, बेडूक कानांनी मोजायचा.

१० जुलै
रोज ७.१०ला सुरू, पाव तासाने बंद. रविवारी सुट्टी. इतकी शिस्त मी ऑफिसातही पाहिली नाही. धाकटीने फोनवर विचारले, बेडकाला रविवार कसा कळतो? हिची मुलगी असून निरीक्षण कच्चे.
संकल्प: १. बेडूक वाचवणे. २. हिचे कपाट आवरणे (रविवारी).

१३ जुलै, रविवार
कपाट पुढच्या रविवारी. आज दार जाम होते.

१५ जुलै
फेसाचा उगम सापडला: नव्या इमारतीतली लॉन्ड्री. तिथल्या बाईंना सांगितले, पाणी तळ्यात सोडू नका, बेडूक मरतात. त्या म्हणाल्या, किती उरलेत? एक, म्हणालो. एका बेडकासाठी एवढं, काका? मी म्हणालो, एकटा आहे म्हणून काय झालं. मग चष्मा काढून पुसला. डिटर्जंटमुळे.

२१ जुलै
पाचवी फेरी. बाई म्हणाल्या, ड्रेनेजची लाइन जोडून घेते, पण काउंटरसमोर असे उभे राहू नका. गिऱ्हाइकांना वाटतं, तुमचा शर्ट आम्ही जाळला.

२२ जुलै
लाइन जोडली. प्लंबर म्हणाला, काका, या डबक्यात डास जगला तरी नशीब. अननुभवी मनुष्य.
७.१०ला बेडकाला सांगितले, उद्यापासून चांगले दिवस.

२३ जुलै, ७.३०
शांतता. समाधानाने गप्प असावा.

२५ जुलै
फेस नाही. आवाजही नाही. हवापालटाला गेला असेल.

२६ जुलै
लॉन्ड्रीवाल्या बाईंनी विचारले, बेडूक खूश ना? ओरडत नाही, म्हणालो. ओरडायचा कसा? काढून दाखवला: घर्रक्, घर्रक्. इस्त्री करणारी हसता हसता स्टुलावर बसली. बाई मात्र हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, काका, तो आमचा पंप होता. दुकान बंद करताना टाकीतलं पाणी तळ्यात उपसायचा. लाइन जोडल्यावर काढून ठेवला.
मला शंका होतीच, असे सांगून निघालो. छत्री तिथेच राहिली.

२७ जुलै, रविवार
तळ्यावर पाऊण तास बसलो. बेडूक: शून्य. तसे लिहिले.

२८ जुलै, ७.३०
छत्री आणायला गेलो. बाईंना विचारले, जुन्या पंपाचे काय करणार? भंगारात, म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, न्या, पण कोरडा चालवू नका, जळेल.
बाल्कनीत बादलीभर पाण्यात लावला. पाइप परत बादलीतच. शास्त्रीय खातरजमा, दोन मिनिटे फक्त.
अगदी तोच आवाज. खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारून गेल्या, काय बिघडलंय? काही नाही, म्हणालो.
पाव तास होऊन गेला. बंद करवेना.