काटे काढलेलं घड्याळ

प्रिय आई,

तुझ्या आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, खोकलाही जवळजवळ गेला. तुझे गुडघे काय म्हणतात?

मागच्या आठवड्यात दुकानात एक हट्टी घड्याळ माझ्या हातून सुरू झालं. मालकांनी पाठ थोपटली आणि मी असा फुगलो की विचारू नकोस! मग बाबा आठवले. घरी त्यांनी एखादं घड्याळ दुरुस्त केलं की काटे लावण्याआधी ते माझ्या कानाशी धरायचे. म्हणायचे, "ऐक. मन म्हणजे ही आतली चाकं. अहंकार म्हणजे बशीत काढून ठेवलेले हे काटे. फिरवतात चाकं आणि मिरवतात हे! ऐकणारा तू या दोघांहून वेगळा." माझं लक्ष मात्र त्या चकचकीत काट्यांकडेच असायचं.

परवा तुझं पत्र आलं. डॉक्टरांनी नाव विचारलं तर बाबा नुसते हसले, त्यांना स्वतःचं नावच आठवेना, असं लिहिलंस. ते वाचून मी दुकानातलं एक घड्याळ कानाशी धरून बसलो.

पण आई, त्यांना सारखं नाव विचारू नकोस गं. काटे निघालेत, एवढंच. त्यांच्या छातीला कान लावून बघ.

तुझाच,
धाकटा